दहा पौंडांचं पाद्रीघर आणि फिरणारा मजकूर

जुन्या घरांचे फोटो टाकणाऱ्या गटांत एक फोटो वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. गवती छपराचं, लाकडी चौकटींचं एक बुटकं घर, भोवती बाग. खालचा मजकूर असा: "इंग्लंडमधलं हे राजेशाही पाद्रीभवन 600 वर्षं जसंच्या तसं उभं आहे. सरकारी-खाजगी प्रयत्नांतून जपलेली जगातली ही पहिली वास्तू. चर्चने भंगार म्हणून 10 पौंडांत विकली. नॅशनल ट्रस्टने तिथलंच ओकचं पान आपलं चिन्ह केलं. नाहीतर आपण!"

घर खरं आहे, आणि जुन्या वास्तू व निसर्गस्थळं जपणारी नॅशनल ट्रस्ट ही तिथली संस्थाही. ईस्ट ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावी, ककमिअर नदीच्या काठी, सेंट अँड्र्यू चर्चच्या शेजारी. बाकीच्या मजकुरात मात्र खोट बरीच आहे, आणि या घराची खरी गोष्ट त्याहून मोठी असल्यामुळे मला हे लिहावंसं वाटलं.

'राजेशाही' हा शब्द आधी काढून टाका. चौदाव्या शतकातलं हे घर, आणि त्याची बांधणी ससेक्स-केंट भागातल्या खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांच्या घरांची. मधे एक मोठी खोली, जमिनीपासून थेट आढ्यापर्यंत मोकळी. दोन टोकांना दुमजली खण, त्यांचा वरचा मजला थोडा पुढे काढलेला. या सगळ्यावर छप्पर एकच, म्हणून मधली भिंत आत गेल्यासारखी दिसते आणि तिथली वळचण पेलायला वाकडी लाकडं लावतात. अशा घरांत मुळात धुराडं नसे. मधल्या खोलीत जमिनीवरच आगटी, आणि धूर वासे काळे करत छपरातून वाट काढी. भिंती म्हणजे चौकटीत विणलेल्या काठ्या आणि त्यावर लिंपलेली माती. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, आपण त्याला कुड म्हणतो.

जमीन तर त्याहून ओळखीची. त्या भागातल्या टेकड्या खडूच्या, म्हणून जमिनीत खडूच ठोकून बसवलेला आणि वरून आंबट दुधाचा हात दिलेला. दुधातलं प्रथिन भुकटी धरून ठेवतं, धूळ उडू देत नाही. माझी आजी शेणात माती कालवून सारवायची. वाळल्यावरही तिच्या बोटांच्या अर्धगोल रेघा जमिनीवर दिसायच्या. हाताशी आहे त्यातून जमीन घट्ट करायची, ही अक्कल दोन्हीकडे एकच. त्या घराला महाल म्हटलं की नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

'जसंच्या तसं' हे तर साफ चूक. पाद्री तिथून केव्हाच निघून गेले होते. पुढे घराची दोन भाडोत्री बिऱ्हाडं झाली, धुराडं आलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते इतकं खिळखिळं झालं की चर्चच्या वरिष्ठांनी पाडायला परवानगीसुद्धा दिली होती. ते वाचलं ते तिथले पाद्री एफ. डब्ल्यू. बेनन यांच्या चिकाटीमुळे. त्यांनी आधी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी कलावंत-लेखक विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये स्थापन केलेल्या संस्थेचं दार ठोठावलं, मग नव्याने निघालेल्या नॅशनल ट्रस्टचं. ट्रस्टच्या संस्थापकांपैकी ऑक्टेव्हिया हिल यांनी पैशासाठी खटपट केली. दुरुस्ती आल्फ्रेड पॉवेल या वास्तुतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाली. मॉरिस यांच्या संस्थेचा आग्रह साधा होता: डागडुजी करा, पण जुन्याचं सोंग आणू नका. आज फोटोत दिसतं ते घर असं सांधून, आधार देऊन उभं केलेलं आहे.

10 पौंडांचा आकडा बरोबर आहे, साल 1896. पण ती नाममात्र किंमत होती. खरा बोजा दुरुस्तीचा, आणि तो या रकमेच्या कितीतरी पट. 'एवढ्याशा पैशात वारसा वाचतो' असा अर्थ कोणी काढत असेल तर तो घातक आहे. घर विकत घेणं स्वस्त पडलं, छप्पर शाकारणं नाही.

'जगातली पहिली' हेही नाही. ही ट्रस्टने घेतलेली पहिली इमारत, इतकंच. ट्रस्टच्या हाती आलेली पहिली मालमत्तासुद्धा ही नव्हे. ती वेल्समधल्या बारमथ गावावरची डिनास ओलाइ ही टेकडी, 1895 मध्ये फॅनी टॅलबट या बाईंनी दान दिलेली. आणि 'नाहीतर आपण' म्हणण्याआधी एवढं बघा: भारतात पुरातत्त्व सर्वेक्षण 1861 मध्ये सुरू झालं, तर ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांचा पहिला कायदा 1882 चा. तोही मुख्यतः स्टोनहेंजसारख्या प्रागैतिहासिक स्थळांसाठी. राहत्या मातीच्या घराला त्यात जागा नव्हती. म्हणूनच तर बेनन यांना दारोदार फिरावं लागलं.

राहिलं ओकचं पान. ट्रस्टचं चिन्ह 1930 च्या दशकात स्पर्धेतून निवडलं गेलं, जोसेफ आर्मिटेज या कोरीवकाम करणाऱ्या कलावंताचं. म्हणजे घर घेतल्यावर जवळजवळ चाळीस वर्षांनी. ओकची पानं इंग्लंडच्या जुन्या लाकूडकामात ठिकठिकाणी सापडतात, तेव्हा हेच पान तेच चिन्ह असं ठासून सांगता येत नाही. पण त्या मोकळ्या खोलीत एका कोपऱ्यात, तुळईच्या कडेला, कोण्या सुताराने कोरलेलं ओकचं पान खरोखर आहे. फोटो पाठवायचाच तर त्याचा पाठवा.