ऑलिम्पिक आलं की पैसाच पैसा? जरा पटाचा हिशेब पाहा

गावच्या ग्रुपवर चार दिवसांपासून एकच मेसेज फिरून राह्यला. "२०३६ चं ऑलिम्पिक भारतात आलं की लाखो कोटी येतील, परदेशी पर्यटकांच्या रांगा लागतील, खेड्यापाड्यात रोजगार, स्टेडियम पिढ्यान्‌पिढ्या कामी येतील, लॉस एंजेलिसने तर नफा कमावला, विरोध करणाऱ्यांना खेळ कळत नाही." खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी एवढंच टाकलं की खर्च कोणाच्या खिशातून ते लिहिलंच नाही, तर आमचे मामा म्हणाले, "तुले काय कयते बे?" म्हणून सविस्तर लिहितो.

खेळ कळत नाही हे आधी बाजूला ठेवा. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पोरांनी १९३६ ला बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली होती, आणि विदर्भाने रणजी तीनदा मारली. खेळ कळते भाऊ, मी हिशेबाचं बोलून राह्यलो.

आता लॉस एंजेलिस. १९८४ ला नफा झाला हे एकदम खरं, वीस कोटी डॉलरच्या वर उरले. पण काहून उरले? मॉन्ट्रियलने १९७६ ला एवढं कर्ज केलं होतं की ते फिटायला ३० वर्षं लागली, तंबाखूवर कर लावून फेडलं त्यांनी. ते पाहून बाकी शहरं घाबरली आणि शेवटी लॉस एंजेलिस एकटंच उरलं. एकटंच गिऱ्हाईक असलं की भाव कोण ठरवते हे कापूस विकणाऱ्याला मी काय सांगू! त्यांनी ऑलिम्पिक समितीला आपल्या अटी ऐकवल्या आणि मुख्य स्टेडियम वापरलं ते १९२० च्या दशकातलं जुनंच.

म्हणजे आमचा शंकरपटच की हा, बैलजोड्यांच्या शर्यतीचा. पट भरतो कुठे, पडीत वावरात. पट्टी आखली, मंडप भाड्याने, भोंगा भाड्याने, बक्षिसाला गावातले दाते, आणि पट उठला की त्याच वावरात नांगर. पटासाठी कोणी सिमेंटची गॅलरी बांधली आणि वर्षातून तीन दिवस वापरली तर मंडळ दुसऱ्या वर्षी बसलंच म्हणून समजा. मेसेजवाल्याने नफ्याचं जे उदाहरण दिलं ते न बांधण्याचं आहे, आणि तो सांगून राह्यला बांधायचं!

स्टेडियम पिढ्यान्‌पिढ्या कामी येतात म्हणे. काही येतात, दिल्लीचं नेहरू स्टेडियम १९८२ च्या एशियाडचं, ते २०१० च्या कॉमनवेल्थ खेळांना पुन्हा कामी आलं, पण तेव्हाही त्यावर नव्याने मोठा खर्च झालाच. आणि ब्राझीलने २०१४ च्या फुटबॉल वर्ल्डकपला अॅमेझॉनच्या जंगलातल्या मनाऊस शहरात ४० हजारांच्या वर खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं, वर्ल्डकपचे सामने झाले किती तर चार. त्यांच्या राजधानीच्या, ब्राझीलियाच्या स्टेडियमच्या आवारात नंतर सिटी बसा उभ्या राहत. अथेन्सला २००४ चं सॉफ्टबॉलचं मैदान गवतात गेलं. लांब कशाला, आमच्याकडच्या तालुका क्रीडा संकुलाला कुलूप आहे, आत कमरेएवढं गवत, आणि पोलीस भरतीची पोरं-पोरी पहाटे पाचला हायवेच्या कडेने १६०० आणि ८०० मीटर पळतात, ट्रकच्या लाइटात.

पर्यटकांचं गणित मला आमच्या काकांनी शिकवलं. त्यांची नागपुरात डॉक्टरची तारीख होती, नेमकी जामठ्याच्या स्टेडियमला क्रिकेटची मॅच. लॉजवाल्याने दुप्पट भाव सांगितला, काका तसेच एसटीने परत आले. लॉजवाल्याच्या वहीत मॅचची कमाई दिसते, परत गेलेले काका कोणत्याच वहीत दिसत नाहीत. लंडनलाही २०१२ च्या ऑगस्टमध्ये, ऐन ऑलिम्पिकच्या महिन्यात, ब्रिटनला आलेले परदेशी पाहुणे आदल्या वर्षीपेक्षा कमीच भरले, कारण गर्दी आणि महागाईच्या भीतीने नेहमीचे लोक फिरकलेच नाहीत. आणि गावातल्या माणसाने पटात आलुबोंडे खाल्ले म्हणून गावात पैसा वाढला असं नाही ना, त्या आठवड्यात बाजार थंडा असते, किराणावाल्याला विचारा.

रोजगार मिळतो, नाही म्हणत नाही, बांधकाम चालू आहे तोवर. दिल्लीच्या २०१० च्या कॉमनवेल्थच्या साइटवर मजुरांना किमान मजुरीही नीट मिळत नव्हती, हायकोर्टाला समिती नेमावी लागली.

सगळ्यात मोठी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच, ती म्हणजे अंदाज. ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी १९६० ते २०१६ ची ऑलिम्पिकं तपासली, महागाई वगळूनही खर्च अंदाजापेक्षा सरासरी १५६ टक्के जास्त. दिल्लीच्या कॉमनवेल्थचा आकडा सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या अहवालात १८ हजार ५०० कोटींच्या वर गेला, आणि अनुसूचित जातींसाठीच्या योजनेचा पैसा त्यात वळवल्याचं तेव्हाच्या केंद्रीय गृहमंत्र्यांनी संसदेत मान्य केलं होतं. पैसा तर फिरला, पण कोणाच्या ताटातून निघाला ते पाहा! २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ चं कॉमनवेल्थ खर्च पाहून सोडलंच, नुकसानभरपाई देऊन. मग ग्लासगोने घेतलं, ते पण फक्त १० खेळ आणि जुनीच मैदानं. एवढे शहाणे देश काहून मागे सरून राह्यले हे कोणी विचारत नाही.

फायदा होतच नाही असं माझं म्हणणं नाही. बार्सिलोनाने १९९२ च्या निमित्ताने समुद्रकिनारा मोकळा केला, शहराचं रूपच पालटलं. पण ते काम त्यांच्या शहराच्या आराखड्यात आधीपासून होतं, खेळ निमित्त झाला. आणि आपल्या घरी एवढा मोठा सोहळा झाला याचा आनंद, तो पण खराच, पट भरला की मीही दोन दिवस वावरात जात नाही. फक्त त्या आनंदाला 'कमाई' म्हणू नका, खर्च म्हणून मांडा, परवडते का पाहा, मग करा.

२०३० चं कॉमनवेल्थ अहमदाबादला मिळालंच आहे, तिथे अंदाज किती आणि शेवटी बिल किती ते आपल्याला दिसेलच.

बाकी मामा, पटाची वर्गणी मागायला यंदा मीच येणार आहे. पावती तयार ठेवतो.