ब्राउझरला जमतं ते आम्हाला का जमत नाही?

बँकेच्या कार्डावरचे सोळा आकडे चार-चारच्या गटात छापलेले असतात, मध्ये थोडी मोकळी जागा सोडून. डोळ्याला वाचायला सोपं जावं, एवढाच त्यामागचा हेतू. माणूस ते वेबसाइटच्या फॉर्ममध्ये जसे दिसतात तसे टाइप करतो आणि चौकटीखाली लाल अक्षरं उमटतात : 'कृपया फक्त अंक टाका.'

त्या मोकळ्या जागा काढून टाकायला कोडची एक ओळ लागते. वेबपानांना हालचाल देणारी जावास्क्रिप्ट ही भाषा नुकतंच शिकायला लागलेलं पोरही ती लिहील. पण ती लिहायच्या ऐवजी कुणीतरी नियम लिहिला, नियम मोडल्यावर दाखवायचं वाक्य लिहिलं, त्याला लाल रंग दिला, ते सगळं टेस्ट केलं आणि लाइव्ह केलं. म्हणजे कष्ट वाचवले असंही नाही. जास्त कष्ट घेऊन काम समोरच्यावर ढकललं.

मी वेबसाइट बनवून पोट भरते, त्यामुळे हे 'कुणीतरी' म्हणजे आमचीच जमात. आणि आमच्या जमातीची गंमत अशी, की आमच्याइतकं लाडावलेलं दुसरं कुणी नसेल. वेबपान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये टॅग (मजकुराच्या आधी-नंतर लावायची खूण) उघडला आणि बंद करायला विसरलो, तर ब्राउझर आपणहून बंद करून घेतो. टॅगचं नाव भलतंच लिहिलं, तरी आतला मजकूर निमूट दाखवतो. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसची एखादी ओळ कळली नाही, तर तेवढी सोडून पुढे जातो. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आमचे शंभर अपराध असे रोज पोटात घातले जातात. आणि आम्ही? तुमची एक स्पेस खपवून घेत नाही.

हा मोकळेपणा अपघाताने आलेला नाही. १९८० साली इंटरनेटचे नियम लिहिताना जॉन पोस्टेल यांनी एक तत्त्व नोंदवून ठेवलं : आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याकडून घेताना उदार असावं. वेब त्याच वळणावर गेलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत केलेलं आणि १९९१ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं पहिलंवहिलं वेबपेज आजच्या ब्राउझरमध्येही उघडतं, ते त्यामुळेच. मधल्या काळात शिस्त लावायचाही प्रयत्न झाला. एचटीएमएलचा एक्सएचटीएमएल नावाचा कडक अवतार आला. ते नियम ब्राउझरने खरोखर पाळायचे ठरवले, तर एक टॅग चुकला की पानाच्या जागी एररच दिसायची. कागदावर फार सुंदर कल्पना. लोकांनी ती कधी मनावर घेतलीच नाही, आणि २००९ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, त्याच्या पुढच्या आवृत्तीचं, एक्सएचटीएमएल २ चं काम गुंडाळलं. कडकपणा आम्हाला स्वतःला झेपला नाही, हे लक्षात ठेवा. तोच आम्ही तुमच्या नावाच्या चौकटीत आणून बसवला.

नावाबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. पहिलं नाव, आडनाव, दोन्हींवर लाल चांदणी, म्हणजे भरणं सक्तीचं. इंडोनेशियाचे पहिले दोन राष्ट्राध्यक्ष सुकार्णो आणि सुहार्तो. दोघांचीही नावं एकेरी, आडनाव नाहीच. देशाचा कारभार चालवता येतो, फॉर्म मात्र भरता येत नाही! अशी एकेरी नावाची असंख्य माणसं जगात आहेत आणि ती काय करतात? आडनावाच्या जागी टिंब देतात, नाहीतर तेच नाव दोनदा लिहितात. मग पुढे कुठेतरी ते दुसऱ्या कागदाशी जुळत नाही आणि फेऱ्या सुरू. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत साधा उपाय आहे : पूर्ण नावासाठी एकच चौकट द्या, म्हणजे जास्तीत जास्त लोक त्यात मावतात. एक चौकट कमी करायची आहे, बाकी काही नाही. तरी मीटिंगमध्ये हे सुचवलं की ठरलेला प्रश्न येतो, पहिलं नाव वेगळं नसेल तर मग ईमेलमध्ये 'हाय अमुक' कसं लिहायचं?

बरं, एकच चौकट दिली, पण आत देवनागरी चालत नाही. पुष्कळ फॉर्ममध्ये नावाचा नियम म्हणजे रोमन ए ते झेड. जगातल्या लिपींची अक्षरं संगणकाला ओळखू यावीत म्हणून जी युनिकोड ही सामाईक यादी आहे, तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, पहिल्या आवृत्तीपासून. सबब उरलेली नाही. त्यातही एक मजेशीर प्रकार आहे. एखादा भला डेव्हलपर ठरवतो, की सगळ्या लिपी चालू दे, आणि 'कुठल्याही लिपीतलं अक्षर' असा नियम लिहितो. २०१८ पासून जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय आहे. त्या नियमात 'कमल' पास होते आणि 'सीमा' नापास. कारण युनिकोडच्या हिशेबात क, म, ल ही अक्षरं, पण वेलांटी आणि काना ही चिन्हं. त्यांची परवानगी वेगळी द्यावी लागते. हेतू चांगला असूनही हे होतं, कारण चाचणीसाठी टाकलेलं नाव रोमनमध्येच असतं. तीच गत लांबीची. 'क्षि' वाचणाऱ्याला एक अक्षर, जावास्क्रिप्टला चार : क, हलन्ताचं चिन्ह, ष आणि वेलांटी. 'कमाल वीस अक्षरं' म्हटलं की मराठी माणसाची वीस फार लवकर भरतात.

डिझाइनचंही तेच. इंग्रजीत सुबक दिसावं म्हणून अक्षरांमध्ये अंतर वाढवतात, कोडची तीच ओळ देवनागरीला लागू झाली की शिरोरेघेचे तुकडे पडतात. ओळीची उंची कमी ठेवली आणि बाहेर येणारं कापायला सांगितलं, की वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात. असो. हा राग वेगळ्या पोस्टचा आहे.

पासवर्डचा किस्सा मात्र सांगायलाच हवा, कारण तिथे नियम करणाऱ्यानेच नंतर कान पकडले. एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदला, या सगळ्याचं मूळ बऱ्याच अंशी अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दस्तावेजात आहे. तो लिहिणारे बिल बर पुढे २०१७ मध्ये म्हणाले, की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी संस्थेने सल्ला बदलला : ही सक्ती नको, मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड पेस्ट करू द्या. इतकी वर्षं झाली, अजूनही नव्याकोऱ्या साइटवर पेस्ट बंद असतं. विचारलं तर उत्तर येतं, 'सुरक्षेसाठी.'

आता कोड एआय लिहायला लागला आहे. मीही वापरते, तक्रार नाही. पण तो शिकला कशावरून? आमच्याच जुन्या फॉर्मांवरून. त्याला 'नोंदणीचा फॉर्म दे' एवढंच सांगितलं, की पुष्कळदा पहिलं नाव, आडनाव, दोन लाल चांदण्या, रोमन ए ते झेड असंच समोर येतं. सांगितलं तर तो बदलतो, अगदी झटकन. पण सांगायला माहीत तर हवं. आधी निदान कुणीतरी आळसाने कॉपी-पेस्ट करत होतं, आता तेही करावं लागत नाही.

एक गोष्ट बाहेरच्या लोकांना कळत नाही म्हणून सांगते. फॉर्मने ज्याला परत पाठवलं, तो बहुतेक वेळा आम्हाला दिसतच नाही. लाल वाक्य तुमच्या स्क्रीनवर उमटतं, सर्व्हरपर्यंत काही पोचत नाही. आमच्या आलेखात फक्त एवढंच दिसतं, की इतके लोक या पानावरून निघून गेले. त्यावरून टीम निष्कर्ष काढते, की बटणाचा रंग बदलून बघूया.

म्हणून फॉर्मने तुमचं नाव 'अवैध' ठरवलं, तर निमूटपणे टिंब टाकून पुढे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा आणि त्यांच्या मदत-ईमेलवर पाठवा, काय टाइप केलं होतं तेही लिहा. अशी एक तक्रार हातात असली, की माझ्यासारखीला मीटिंगमध्ये 'हाय अमुक'वाल्याशी भांडता येतं.