खुलासा : फुगलेल्या पाळीव बेडकाला घरी सुई टोचू नये

पाण्यातला पाळीव बेडूक फुगला की घरीच सुईने पाणी काढावे, असा संदेश फिरत आहे. तो घातक आहे. बेडकाच्या त्वचेतून पाणी सतत आत शिरते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. जंतुसंसर्गाने किंवा मूत्रपिंडांच्या बिघाडाने हे काम अडले की पोट व मांड्या तट्ट फुगतात, आणि मूळ कारण कायम असल्याने काढलेले पाणी पुन्हा साचते. पशुवैद्यक निर्जंतुक सुईने द्रव काढतात हे खरे, परंतु घरच्या प्रयोगात आतडे फाटू शकते. आजारी बेडकाला श्वासासाठी सहज वर येता यावे म्हणून क्लोरीनमुक्त, उथळ पाण्यात वेगळे ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्यकाला दाखवावे. तो संदेश कृपया पुढे पाठवू नये.