मोठं विमान हलवतात ते मोडायला नव्हे

ओझरला सुखोई जोडली जातात, म्हणून नाशिकच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘मोठं विमान मोडेपर्यंत गदागदा हलवून तपासतात.’ हे साफ चूक आहे. कंपन चाचणीतले धक्के हलके असतात. मोडेपर्यंत भार देण्याची चाचणी वेगळी, आणि ती त्यासाठीच राखलेल्या सांगाड्यावर होते.

मग हलवायचं कशाला? वजन चाकांखालच्या काट्यांवर कळतं. पण विमान वळवायला किती जड जाईल, म्हणजे त्याचं जडत्व आघूर्ण, काटा सांगत नाही. लहान विमान टांगून झुलवता येतं. अवाढव्य विमान मऊ स्प्रिंगांवर ठेवून हळूच डोलवतात. स्प्रिंगांचा ताठरपणा ठाऊक असला की डोलण्याच्या कालावधीवरून हिशेब निघतो: जडत्व आघूर्ण चौपट, तर कालावधी दुप्पट. किती सुंदर युक्ती आहे ही! कृपया तो मजकूर पुढे पाठवू नका.