सप्टेंबर 1942: साताऱ्यात काय घडलं आणि काय घडलंच नाही

ऑगस्ट लागला की आमच्या सातारा-सांगलीकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: सप्टेंबर 1942 या एका महिन्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असा लोकांचा कारभार, स्थापलं, सांगली जिल्ह्यातल्या कचेऱ्या जाळल्या, वडूजला हत्यारबंद जमाव चालून आला म्हणून पोलिसांनी गोळ्या झाडल्या, वसंतदादांनी तुरुंग फोडला, शेणोलीची रेल्वे आणि धुळ्याचा खजिना लुटला. पाठवणारा अभिमानाने पाठवतो, म्हणून त्याला कुणी हटकत नाही.

वडूजचं आधी घेतो, कारण तिथे मेलेल्या माणसांवर आळ येतो. 9 सप्टेंबरला खटाव तालुक्यातले लोक तिरंगा घेऊन, घोषणा देत वडूजच्या कचेरीवर निघाले. कचेरीवर झेंडा लावायचा, एवढाच बेत. हत्यारं होती ती पोलिसांकडे. वडगावचे परशुराम घार्गे मोर्चाच्या पुढे होते, ते गोळीबारात पडले. वडूजचे हुतात्मे एकूण नऊ. दुसऱ्याच दिवशी, 10 तारखेला, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या सुटल्या. तिथे किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे गेले. कारखान्यातला अभियंता आणि खेड्यातला माणूस एकाच मोर्चात होते, हे मला त्या सगळ्या लुटींपेक्षा मोठं वाटतं.

कचेऱ्या जाळल्याचं म्हणाल तर 24 ऑगस्टला कराडचा मोर्चा शांततेत पार पडला. 3 सप्टेंबरला तासगावात लोकांनी कचेरीवर तिरंगा चढवला. त्या मोर्चाचे पुढारी वि. स. पागे, म्हणजे पुढे रोजगार हमी योजनेमुळे महाराष्ट्राला माहीत झालेले पागेच. हे मोर्चे जाळपोळ करायला निघालेले नव्हते.

प्रतिसरकार मात्र या गोळीबारांच्या नंतरचं. उघड मोर्चा काढला की गोळी येते हे दिसल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले, गावोगाव आसरे शोधले, माणसं जोडली. न्यायदान मंडळं आणि तुफान सेना हे प्रतिसरकारचं स्वयंसेवक दल उभं राहून समांतर कारभार सुरू व्हायला 1943 उजाडलं. कुंडल त्याचं मोठं ठाणं झालं. ते गाव औंध संस्थानात होतं आणि औंधच्या राजांनी 1939 मध्येच प्रजेच्या हाती कारभार दिला होता, हेही ध्यानात घ्या. महिन्याभरात सरकार उभं राहिलं म्हटलं की ही सगळी मेहनत पुसली जाते.

लुटींच्या आणि तुरुंगाच्या तारखा तर कुणालाही पाहता येतील. शेणोलीची रेल्वे 7 जून 1943. सांगलीचा तुरुंग 24 जुलै 1943. सप्टेंबर 42 मध्ये वसंतदादा त्या तुरुंगात नव्हतेच, फोडणार काय? धुळ्याचा खजिना चिमठाण्याजवळ लुटला तो 14 एप्रिल 1944 ला. तीन वेगळी वर्षं कोंबून एक महिना केलाय.

राहिला ‘सांगली जिल्हा’. तो तेव्हा नव्हताच. सांगली हे पटवर्धनांचं संस्थान होतं. तासगाव आणि वाळवा (इस्लामपूर याच तालुक्यातलं) हे तालुके सातारा जिल्ह्यात. दक्षिण सातारा 1949 मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळालं. म्हणजे वडूज आणि इस्लामपूरचे गोळीबार एकाच कलेक्टरच्या हद्दीत, लागोपाठच्या दोन दिवशी झाले. फॉरवर्डमध्ये नेमकं हेच कुठे नाही.