वरून फोम, खाली पांदण

नागपुरात वर्धा रोडवर गाडी ऐंशीला पोचली की स्टिअरिंग असं थरथरायचं, जसं हिवतापाच्या पेशंटचा हात धरून बसलोय. साठला शहाणं बाळ, ऐंशीला अंगात आलेलं. आठ दिवस काढले. मग म्हटलं पैसे गेले तर जाऊ दे, पण हे एकदाचं निपटवू.

गेलो सर्व्हिस सेंटरला. एसीत बसवलं, कॉफी पाजली. हातात टॅब घेतलेला पोरगा आला, गाडीचा एक राउंड मारून आला आणि म्हणे, "सर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, आणि पुढचे दोन टायर गेले." साडेअठरा हजार. अरे बाप्पा, अकरा हजार किलोमीटर चाललेले टायर गेले कुठे? म्हटलं, चाक काढून पाहिलं का? म्हणे, "ट्रायल घेतली ना सर, समजते."

समजते! काय समजते, डोंबल?

घरी आलो, जॅक लावला, पुढचं डावं चाक काढून उलटं केलं. रिमच्या आतल्या बाजूला काळ्या मातीची भाकर. थट्टा नाही करत. वीतभर लांब, दोन बोटं जाड, रिमच्या गोलाईला अशी बसलेली की साच्यातून काढल्यासारखी, आणि तिच्या कडेतून सोयाबीनची एक वाळकी शेंग बाहेर डोकावत होती. पेचकस मारला तर पेचकस घसरून माझ्याच अंगठ्यात. शेवटी छन्नी-हातोडी घेतली तेव्हा ढप्पकन खाली पडली. घरच्या काट्यावर ठेवली, 680 ग्रॅम. बॅलन्सिंगवाला रिमच्या काठाला दहा-वीस ग्रॅमचे तुकडे मोजून लावतो, आणि इथे जवळपास पाऊण किलोचा ऐवज चाकात फिरून राहिला होता. थरथरणार नाही तर काय भजन म्हणणार?

चाक बसवलं, वर्धा रोडला चक्कर मारली. ऐंशी, नव्वद, शंभर. स्टिअरिंग गप्प. खर्च शून्य, अंगठ्याला पट्टी सोडून.

आता माझा संताप ऐका. ही गाडी त्याआधी दोनदा धुऊन आणली होती. दोनदा! रिंग रोडवरच्या एका वॉशिंग सेंटरला, दर वेळी सहाशे रुपये मोजून. तिथे काय करतात? पांढरा फेस मारतात. बॉनेटवर, काचांवर, टपावर, जिथे धूळसुद्धा नव्हती तिथे. मग टायरच्या बाहेरच्या बाजूला काळं पॉलिश, डॅशबोर्डला चमक, आत वासाची बाटली. मी म्हटलं, बाबू, रॅम्पवर घे, खालून मार, मडगार्डच्या आत मार. तर ते पोट्टं मला म्हणते, "काका, खालून कोण पाहते?"

त्या पोट्ट्यावर तरी काय चिडायचं, त्याला मालकानं फेस मारायलाच ठेवलं आहे. पण हे वाक्य या शहरातल्या सगळ्या गॅरेजांच्या पाटीवर लिहून टाका.

आमचं वावर भिवापूरकडे. डांबरी संपली की दोन किलोमीटर पांदण, आणि ती पावसाळ्यात कशी असते हे ज्याची चप्पल तिथे राहिली आहे त्याला विचारा. आपली काळी माती म्हणजे काय साधी माती आहे का? पाणी प्यायली की फुगते, लोण्यासारखी लिबलिबीत होते, मिळेल त्याला मिठी मारते. आणि सुकली की आक्रसते, दगड होते. म्हणजे धुवायचं तर ओली असतानाच, त्याच दिवशी. "रविवारी धुऊ" म्हटलं की छन्नी आलीच. वर ती आत ओल धरून ठेवते, पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने. वरचा रंग चकचकीत आणि चेसिसला आतून गंज, हा त्याचाच प्रसाद.

आणि आमचे भाचे! मिहानमध्ये नोकरी, चार दोस्त, आणि यंदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मामाची बोलेरो घेऊन 'ऑफ-रोडिंग'. कुठे? त्याच पांदणीवर! ज्या रस्त्यासाठी माझ्या बापानं आयुष्यभर अर्ज केले, त्यावर हे लोक मजा करायला जातात. संध्याकाळी गाडी परत, किल्ली हातात, "मामा, धुऊन आणली हां." वरून नवरीसारखी. खाली वाकलो तर स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये चिखल, सायलेन्सरला गवताची अख्खी पेंढी गुंडाळलेली. तापलेल्या सायलेन्सरवर ते गवत वाळलं की पेटायला काडी लागत नाही. रेडिएटरपुढे कुसळांचं गोधडं. गावच्या रस्त्याला जाणवत नाही, सीताबर्डीच्या गर्दीत उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायला लागतो. आणि मग वॉशिंगवाला त्याच रेडिएटरवर समोरून जेटची धार मारतो, नाजूक पत्र्या सगळ्या आडव्या. झालं कल्याण.

मागच्या वर्षी तर याहून भारी. नाल्यातून गाडी काढली होती, पाणी हबच्या वर. पळून पळून तापलेलं डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा गोळा, थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सील असो की ब्रीदर म्हणजे हवा जायची नळी, जिथून जमेल तिथून पाणी ओढून घेते. सर्व्हिस सेंटरच्या कार्डावर डिफरेन्शियलपुढे बॉलपेनची टिचकी, 'ओके'. महिन्याभरानं मागून घुंईंई आवाज यायला लागला, तेव्हा कॉटन मार्केटच्या मागच्या आमच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, खालचा बोल्ट सैल केला, आणि ऑइलच्या जागी आला दुधाचा चहा. फक्त साखर नव्हती. मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिला, मी त्या टिचकीकडे. बेअरिंग गेलं, पाच हजार गेले.

तोच मिस्त्री एरवी काय करतो सांगू? काहीच भारी नाही. मागच्या ब्रेकचा ड्रम उघडतो, आतली माती झटकतो, कारण ती लायनर कानशीसारखी खाते. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा म्हणजे क्रॉस, त्याच्या निप्पलला ग्रीस पंप लावून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारतो. सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेत का बोट फिरवून पाहतो. टायरच्या आतल्या गालावर बाभळीचा काटा अडकलाय का पाहतो, बाहेरच्या नव्हे, आतल्या. शेवटी चाकांचे नट पान्यानं कसतो. पाऊण तास, तीनशे रुपये. अंगावर बनियन, एसी नाही, कॉफी नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो ना? हळद-तूप लावून? का, तर वर्षभर जू तिथे घासलेलं असतं. शिंगांना रंग, बेगड, गळ्यात घुंगरं, हे सगळं दुसऱ्या दिवशी. आमच्या आजाला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, पण घासतं कुठे हे त्याला कळत होतं. आणि इथे टॅब, लिफ्ट, गणवेश, पन्नास मुद्द्यांची तपासणी, आणि सगळी अक्कल बेगडात!

वर समृद्धीवर 120 नं गाडी हाणायची हौस आहेच सगळ्यांना. चाकात भाकर घेऊन जा म्हणा.

आता मीच पसरतो खाली. कॉलनीत चटई टाकून, हातात खुरपं, तोंडावर नळी, गेटपाशी काळा रेंदा, आणि वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून "अहो, पाणी किती वाया घालवता!" पन्नाशीच्या पुढे कंबरेचं काय होतं ते त्यांना काय सांगू. सौ. म्हणते, विकून टाका ती गाडी. विकायची कशी, वावरात काय विमानानं जाऊ?

काल भाच्याचा फोन आला. "मामा, रविवारी गाडी मिळेल का? पेंचकडे जाऊन राहिलो."

म्हटलं, मिळते ना. येताना धुऊ नको. जुने कपडे घेऊन ये, चटई अन्‌ खुरपं मी काढून ठेवतो.

"बघतो मामा" म्हणाला आणि फोन ठेवला. बेट्यानं ओलाची गाडी बुक केली म्हणे.