लेखी प्रश्न म्हणजे कागदी घोडे? सोलापूरच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

अधिवेशन जवळ आलं की सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. खाली कुणाचं नाव नसतं, भाषा मात्र ठाम असते. म्हणणं थोडक्यात असं: आमदार-खासदार खात्यांना लेखी प्रश्न विचारतात ते निव्वळ कागदी घोडे, खरा प्रश्न सभागृहात उभं राहून विचारलेला. मंत्री उत्तरात काहीही लिहितात, खोटं निघालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न पैसे घेऊन विचारले जातात. सामान्य माणसाला उत्तरं बघायलाही मिळत नाहीत, त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज बरा. आणि आपल्या खासदारानं सोलापूरच्या नळाच्या पाण्यावर दिल्लीत प्रश्न विचारला नाही, म्हणजे तो झोपलाय.

यातल्या एक-दोन गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच मेसेज पटतो. पण त्यातून लोक जो अर्थ काढतात, की या प्रश्नोत्तरांकडे बघायचीच गरज नाही, तो सोलापूरला महागात पडणारा आहे. पाणी, यंत्रमाग, विडी कामगार, रेल्वे, विमानसेवा हे आपले सगळे विषय कुठल्या ना कुठल्या खात्याच्या फायलीत आहेत. फायलीत काय लिहिलंय ते सरकारकडून लेखी वदवून घ्यायचा जो सरळ मार्ग आहे, तोच आपण सोडून द्यावा असं हा मेसेज सांगतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"खरा प्रश्न तोंडी, लेखी प्रश्नाला किंमत नाही"

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं. प्रश्नोत्तराचा तास एकच. त्यात गोंधळ झाला नाही तरी २० पैकी मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, उरलेल्या तारांकित प्रश्नांनाही शेवटी लेखी उत्तरच मिळतं. म्हणजे संसदेत सरकार जी माहिती देतं, तिचा फार मोठा भाग लेखीच असतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोरोनाचं कारण देऊन प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता. तेव्हा सदस्यांच्या हातात अतारांकित प्रश्नच उरले होते.

उपप्रश्नाचं मोल मोठं आहे, मंत्र्याला तिथल्या तिथे अडवता येतं, हे मान्य. पण जिल्हानिहाय तक्ता, वर्षनिहाय निधी, मंजूर पदं किती आणि रिकामी किती, हे तोंडी उत्तरात कधीच नीट येत नाही. ते लेखी उत्तराच्या जोडपत्रात येतं.

"मंत्री काहीही लिहितात, कुणाचं काही बिघडत नाही"

मेसेजमधला हा सगळ्यात गंभीर आरोप आहे, आणि यातच थोडं तथ्यही आहे. उत्तरं टोलवाटोलवीची असतात. 'माहिती संकलित करण्यात येत आहे', 'बाब तपासण्यात येत आहे', 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे', ही वाक्यं ज्यानं विधिमंडळाच्या चार याद्या वाचल्या त्याला पाठ होतात.

पण टोलवाटोलवी होते कशी, हे बघितलं तर निम्मा दोष प्रश्नाचा निघतो. आपल्या विधानसभेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. पहिला भाग: अमुक ठिकाणी अमुक झालं, 'हे खरे आहे काय'. दुसरा: 'असल्यास', शासनानं चौकशी केली काय, त्यात काय आढळून आलं. तिसरा: त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. चौथा: 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आता समजा, मोहोळ तालुक्यातल्या १४ गावांची पाणीयोजना बंद आहे असं प्रश्नात लिहिलं आणि बंद गावं निघाली १३. खात्याला पहिल्याच भागाला 'हे खरे नाही' लिहिता येतं आणि पुढच्या प्रत्येक भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. योजना बंद ती बंदच, आणि कागद मात्र नियमात बसलेला. खात्यानं जरा सौजन्य दाखवलं तर 'हे अंशतः खरे आहे' येतं. असं उत्तर आलं की ते टाकून देऊ नये. किती अंश खरा, ते पुढच्या अधिवेशनात विचारता येतं, आणि गडबड आहे एवढं तर खात्यानं स्वतःच कबूल केलेलं असतं.

म्हणून प्रश्न असा लिहावा लागतो की पळवाट राहणार नाही. 'सोलापूरच्या पाणीप्रश्नाबाबत शासनाचे धोरण काय' असं विचारलं तर उत्तरात चार ओळींचं आश्वासन येईल. त्याऐवजी 'गेल्या तीन वर्षांत औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून भीमा नदीत किती वेळा व प्रत्येक वेळी किती टीएमसी पाणी सोडले, त्यातील किती पाणी शहराने प्रत्यक्ष उचलले' असं विचारलं, तर जलसंपदा विभागाला आकडाच द्यावा लागतो. आकडा दिला नाही, तर तो का दिला नाही हा पुढचा प्रश्न तयारच असतो.

प्रश्न एकदा स्वीकृत झाला की काय होतं, तेही मेसेज लिहिणाऱ्यानं बघायला हवं. सरकारी कार्यालयांत त्याला 'एलएक्यू' (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभा प्रश्न) म्हणतात. मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याकडून तो खाली येतो, जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, महापालिकेत, आणि तिथून तालुक्याला. ज्या अर्जाला महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला नसतो, त्याची फाइल त्या दिवशी कपाटातून बाहेर निघते, कारण माहिती सहीनिशी वर पाठवायची असते आणि ती चुकली तर सही करणाऱ्याच्या अंगाशी येते. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर उपोषणाला बसणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगत नाही. उपोषणाची दखल तोंडी घेतली जाते, एलएक्यूची लेखी घ्यावी लागते.

खोट्या उत्तराचं काहीच होत नाही हेही खरं नाही. सभागृहाला जाणूनबुजून चुकीची माहिती दिली तर विशेषाधिकारभंगाची, म्हणजे सभागृहाच्या हक्कांचा भंग झाल्याची, सूचना देता येते. उत्तरातली चूक लक्षात आली तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करावं लागतं. 'माहिती संकलित करून सभागृहापुढे ठेवू' असं लिहिलं की ते आश्वासन ठरतं. लोकसभेत आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्याचा पाठपुरावा करायला शासकीय आश्वासन समिती आहे. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. या समित्यांचं काम संथ चालतं, आश्वासनं वर्षानुवर्षं लोंबकळतात, आणि त्याबद्दल जेवढा संताप व्यक्त करावा तेवढा कमीच आहे. पण लोंबकळणाऱ्या आश्वासनाची निदान नोंद राहते.

याचं देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण १९५७ चं. आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर सव्वा कोटीच्या आसपास रकमेला घेतले. त्यावर लोकसभेत प्रश्न आले. सरकारच्या उत्तरांनी समाधान झालं नाही, सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधी यांनी विषय धसाला लावला, न्यायमूर्ती छागलांचा चौकशी आयोग नेमावा लागला, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

'माहिती नाही' हे उत्तरसुद्धा कधीकधी मोठं काम करून जातं. १४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत लेखी प्रश्न होता, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले. कामगार मंत्रालयानं उत्तर दिलं, अशी आकडेवारी ठेवलेली नाही. देशभर हे उत्तर गाजलं. चीड आणणारंच उत्तर होतं ते. पण सरकारनं मजुरांचे मृत्यू मोजलेच नाहीत, हे कुठल्याही कार्यकर्त्याच्या आरोपापेक्षा त्या एका कागदानं जास्त पक्कं केलं. घरी बसून विड्या वळणाऱ्या पूर्व भागातल्या आपल्या बायकांच्या बाबतीतही असंच विचारायला हवं: किती जणींकडे ओळखपत्र आहे, किती जणींचा भविष्यनिर्वाह निधी भरला जातो, किती जणींना किमान वेतन मिळतं. उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असं आलं तरी ते कामगार न्यायालयात, आंदोलनात, वर्तमानपत्रात उपयोगी पडेल.

"प्रश्न पैसे घेऊन विचारतात"

असं घडलेलं आहे. १९५१ मध्ये खासदार एच. जी. मुद्गल यांचं प्रकरण झालं. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कारवाई वैध ठरवली.

यावरून सगळेच प्रश्न विकाऊ ठरत नाहीत. ज्या कागदाला काहीच किंमत नाही, त्यासाठी कोण कशाला पैसे मोजेल? मेसेजचा पहिला मुद्दा आणि हा मुद्दा एका वेळी खरे असू शकत नाहीत. शिवाय लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत एका सदस्याचे जास्तीत जास्त पाचच प्रश्न घेतले जातात आणि त्यांत तारांकित एकच. त्या पाचांत सोलापूरचा यंत्रमाग आहे की कुठल्या परक्या कंपनीचा परवाना, हे मतदारानं डोळ्यांत तेल घालून बघायलाच हवं. बघायचं ठरवलं तर ते दिसतं.

"उत्तरं बघायला मिळत नाहीत, माहिती अधिकार बरा"

पहिलं विधान चूक आहे. लोकसभा-राज्यसभेची उत्तरं संसदेच्या संकेतस्थळावर असतात, सदस्याच्या नावानं आणि मंत्रालयाच्या नावानं शोधता येतात. महाराष्ट्र विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित आणि अतारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत मिळतात. राज्यातल्या अतारांकित प्रश्नांची उत्तरं फार उशिरा येतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. विषय शिळा झाल्यावर आलेलं उत्तर म्हणजे नागरिकाची फसवणूक आहे, आणि याबद्दल सगळ्याच पक्षांच्या आमदारांनी आवाज उठवायला हवा.

माहिती अधिकार आणि लेखी प्रश्न यांच्यात निवड करायचं कारणच नाही. दहा रुपयांत अर्ज होतो, ३० दिवसांची मुदत असते, आणि मिळतो तो मूळ कागद. पण जन माहिती अधिकारी फक्त अभिलेखात आहे तेवढंच देतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की नसलेली माहिती तयार करून द्यायला किंवा मत सांगायला तो बांधील नाही. 'उशीर का झाला' याचं उत्तर अर्जावर मिळत नाही. आमदाराच्या प्रश्नातला चौथा भाग नेमका तेच विचारतो, आणि उत्तरदायी असतो मंत्री. जाणते कार्यकर्ते आधी अर्ज टाकून कागद काढतात, आणि त्यातला आकडा व तारीख प्रश्नात घालतात. मग 'हे खरे नाही' लिहायची सोय उरत नाही.

"नळाच्या पाण्यावर दिल्लीत प्रश्न नाही, म्हणजे खासदार झोपलाय"

शहराचा पाणीपुरवठा महापालिका आणि राज्य सरकारचा विषय आहे. जो विषय मुख्यतः केंद्राच्या जबाबदारीत नाही, त्यावरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारलाच जात नाही. नळाला किती दिवसांआड पाणी येतं, हे विधानसभेत विचारायचं. पण जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० शहरांत सोलापूरची निवड झाली ती स्मार्ट सिटी योजना केंद्राची होती, आणि उजनीच्या समांतर जलवाहिनीला त्या योजनेतून पैसा लावला गेला. तेव्हा केंद्रानं किती निधी दिला, किती खर्च झाला, मार्च २०२५ मध्ये योजना संपली तेव्हा किती कामं अपुरी होती, हे खासदारानं विचारायलाच हवं. त्यानं ते विचारलं नसेल तर जाब जरूर विचारा.

हीच वाटणी बाकीच्या विषयांत लागू आहे. फताटेवाडीचा एनटीपीसी प्रकल्प, होटगी रस्त्यावरचा विमानतळ, रेल्वे: दिल्ली. सिव्हिल हॉस्पिटलमधली रिकामी पदं, उजनीचं आवर्तन, जिल्हा परिषदेच्या शाळा: मुंबई आणि नागपूर. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्ग दोन्हीकडे, कारण काम रेल्वेचं, आणि भूसंपादन व निम्मा खर्च राज्याचा. तिथे एका सभागृहात विचारून भागत नाही. दिल्ली राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य दिल्लीकडे. एकाच महिन्याची दोन उत्तरं शेजारी ठेवली की अडलंय कुठे ते कळतं.

आपला आमदार मंत्री असेल तर तो प्रश्न विचारू शकत नाही. तो उत्तर देणाऱ्यांत बसलेला असतो. विरोधी बाकावरचा असूनही दाद देत नाही, असंही होतं. पण जिल्ह्यात विधानसभेचे ११ मतदारसंघ आहेत आणि सोलापूरचा प्रश्न सोलापूरच्याच आमदारानं विचारावा असं बंधन नाही. विधान परिषदेत पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांचे आमदार आहेत, त्यांच्या मतदारांत सोलापूर जिल्हाही येतो. शाळा, विद्यापीठ, नोकरभरती यांचे प्रश्न त्यांच्याकडे थेट नेता येतात. नेताना तोंडी गाऱ्हाणं न सांगता वरच्या साच्यातला एक पानी मसुदा द्यावा, सोबत माहिती अधिकारात मिळालेला कागद जोडावा आणि पोच घ्यावी. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या पुरेशी आधी द्यावी लागते, लोकसभेत किमान १५ दिवस. म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात जावं. कामकाज सुरू झाल्यावर ग्रुपवर मेसेज फिरवायला लागलो, तर त्या अधिवेशनाची वेळ गेलेली असते.